ढाबळीतले पाच अतिचार

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत धान्याची एक पेढी आहे. खाली दुकान, मधल्या मजल्यावर घर आणि वर मोकळी गच्ची, अशी ती जुन्या वळणाची इमारत. खाडीतून पडाव लागत आणि घाटावरून बैलगाड्या उतरत, त्या काळात या गावात येऊन स्थिरावलेल्या व्यापारी घराण्यांपैकी हे एक घराणे. पेढीच्या मालकांनी सत्तरी ओलांडली आहे. बाजारात त्यांना ‘शेठ’ म्हणतात आणि घरात ‘दादा’. व्यवहार मुलाच्या हाती सोपवल्यापासून देवदर्शनानंतरचा दादांचा पहिला तास गच्चीवर जातो, कारण गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे.

ही ढाबळ हौसेतून उभी राहिलेली नाही. काही वर्षांपूर्वी पर्युषणात दादांनी मुंबईच्या बाजारातून बारा कबुतरे सोडवून आणली होती. पिंजरा उघडायचा, पक्षी आकाशात गेला की हात जोडायचे आणि समाधानाने खाली यायचे, हीच अभयदानाची रीत त्यांनी वडिलांकडे पाहिली होती. परंतु या वेळी पिंजरा उघडल्यावर एकही पक्षी आकाशात गेला नाही. ती लक्का जातीची कबुतरे होती. शेपटी पंख्यासारखी पसरलेली, छाती पुढे काढलेली, मान मागे टाकलेली. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या शोभेसाठी वाढवलेल्या या पक्ष्याला दूर उडता येत नाही आणि मांजर किंवा शिक्रा आला तर स्वतःला वाचवताही येत नाही. ती बारा कबुतरे कठड्यावर ओळीने बसून राहिली. संध्याकाळपर्यंत एक मांजराने नेले. दुसऱ्याच दिवशी दादांनी सुतार बोलावला. आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी लाकडी चौकट, चारी बाजूंना जाळी, वर पत्रा आणि आत एका भिंतीला आठ खण, अशी ढाबळ उभी राहिली. जीव वाचले, असे सर्वांना वाटले.

पहिले वर्ष आनंदात गेले. कबुतराची मादी एका वेळी दोन अंडी घालते. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने ती उबवतात. दिवसाचा मधला काळ नर बसतो आणि उरलेला दिवस व सारी रात्र मादी. सतरा-अठरा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस आईबाप दोघेही आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न त्यांना भरवतात. बापालाही दूध येणारा हा पक्षी पाहून दादांच्या दहा वर्षांच्या नातीला मोठा अचंबा वाटे. ती रोज शाळेतून आली की पिल्ले मोजून येई. बाराची अकरा झाली होती, त्यांची वीस झाली, पुढे तीस झाली. वाढता आकडा पाहणे व्यापाऱ्याच्या घरात सवयीचे आणि सुखाचेही असते. ढाबळ मात्र आठ बाय सहाचीच राहिली.

आषाढातल्या एका सकाळी नात धावत खाली आली. ढाबळीच्या कोपऱ्यात साधारण महिन्याभराचे एक पिल्लू डोके भिंतीत खुपसून बसले होते. त्याच्या डोक्यावरची आणि मानेवरची पिसे उपटली गेली होती, कातडी फाटली होती आणि त्यावर रक्त वाळले होते. मांजर आत आले नव्हते. जाळी शाबूत होती, कडी लागलेली होती.

“दादा, आपण यांना वाचवायला आणलं होतं ना? मग याला कोणी मारलं?”

“बेटा, मोठ्या कबुतरांनी.”

“पण कबुतर कोणालाच मारत नाही. तुम्हीच तर सांगितलं होतं.”

दादांना उत्तर सुचले नाही. पशुवैद्यांनी जखम धुऊन औषध दिले. पिल्लाला खोक्यात मऊ फडक्यावर ठेवले. दुसऱ्या रात्री ते गेले. त्याच महिन्यात आणखी दोन पिल्लांची तीच गत झाली. ती कशीबशी वाचली. घरात मतभेद सुरू झाले. मुलगा म्हणाला, “पप्पा, कोणी पाळणारा असेल तर देऊन टाकू या.” देऊन टाकणे म्हणजे ज्या बाजारातून आणले त्याच बाजारात परत पाठवणे, हे त्यालाही ठाऊक होते. बा म्हणाल्या, “मुका जीव आहे. ज्याचं त्याचं कर्म. आपण दाणा घालतो, पाणी ठेवतो, याहून जास्त काय करणार?” या वाक्याने दादांना काही दिवस आधार दिला. मोठे कबुतर लहानाला टोचते, तो त्याचा स्वभाव. आपला हात त्यात नाही.

तो आधार संवत्सरीच्या दिवशी तुटला.

प्रतिक्रमणात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार येतात. दादा ते पन्नासहून अधिक वर्षे ऐकत आणि म्हणत आले होते. पहिल्या अणुव्रताचे, म्हणजे स्थूल अहिंसेचे, पाच अतिचार: बंध, वध, छविच्छेद, अतिभार-आरोपण आणि अन्नपान-निरोध. बांधून ठेवणे, मारणे, अंगाचा छेद करणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि खाण्यापिण्यात अडथळा आणणे. बैल, घोडे, नोकर-चाकर यांच्या संदर्भात या गोष्टी सांगितल्या जातात, असेच ते समजत आले होते. पेढीवर आता बैल नाही, नोकरांना वेळेवर पगार मिळतो. म्हणून या पाच शब्दांपाशी त्यांचे मन कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी ‘छविच्छेद’ शब्द आला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ते पिल्लू उभे राहिले. छवि म्हणजे त्वचा. मग उरलेले चारही शब्द एकामागून एक ढाबळीत जाऊन बसले. जाळी आणि कडी हा बंध. पंखांचे तडाखे हा वध. आठ खणांत छत्तीस पक्षी हा अतिभार. एकाच थाळीत दाणे टाकल्यामुळे धष्टपुष्ट नर आधी खातात आणि पिल्लू कडेला उपाशी उभे राहते, हा अन्नपान-निरोध. पाचही दोष एका ढाबळीत आणि त्यांतला एकही दादांनी स्वतःच्या हाताने केलेला नव्हता. मात्र कडी त्यांच्या हाताने लागत होती. कडी लावणाऱ्याला आत काय घडते याची जबाबदारी टाळता येत नाही, हे त्या संध्याकाळी त्यांना लख्ख दिसले. ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणताना त्यांचा आवाज लागला नाही.

पारणे झाल्यावर ते पनवेलच्याच मोहल्ल्यातील एका वृद्ध कबुतरबाजाला भेटायला गेले. चाचांनी साठ वर्षे गिरेबाज कबुतरे उडवली होती. दोघांची ओळख जुनी, पेढीवरच्या बाजरी-ज्वारीची. चाचा गच्चीवर आले आणि ढाबळीसमोर स्टुलावर बराच वेळ बसून राहिले.

“पक्षी किती, शेठ?”

“छत्तीस.”

“आणि खण?”

“आठ.”

“मग मारतो कोण, ते कशाला विचारता? पेढीवर आठ गाद्या ठेवा आणि छत्तीस मुनीम बसवा. चार दिवसांत तुमचे मुनीमसुद्धा एकमेकांची डोकी फोडतील.”

चाचांनी मग एकेक गोष्ट दाखवली. नर कबुतर आपल्या खणाला दुकानदार आपल्या गाळ्याला जपतो तसे जपते. उंबरठ्यावर कोणी आले की ते घुमते, मान फुगवते आणि तरी परके हटले नाही तर टोचते. मोठा पक्षी इशारा ओळखून उडून जातो. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला तो इशारा कळत नाही. ते भुकेले असते, खाली उतरते, चिवचिवत दिसेल त्या मोठ्या कबुतराच्या चोचीत चोच घालायला जाते. ज्याच्या खणात ते चुकून शिरते तो नर त्याला शत्रू समजतो. घाबरलेले पिल्लू कोपऱ्यात डोके खुपसते आणि त्यामुळे नेमकी मान व डोकेच उघडे पडते. खुद्द आईबापांचीही तेव्हा ओढाताण चाललेली असते. पहिली पिल्ले दोन-तीन आठवड्यांची होताच मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लांना भरवण्याचा बहुतेक भार बापावर येतो. पिल्ले नव्या अंड्यांच्या घरट्यात घुसू लागली की आईबापच त्यांना ढकलून देतात. त्यात जोडीदार नसलेले दोन-चार नर असले तर ते दुसऱ्यांचे खण बळकावायला पाहतात आणि त्या झटापटीत घरट्यातली पिल्ले तुडवली जातात.

“कबुतर वाईट नाही, शेठ,” चाचा उठता उठता म्हणाले. “त्याला पळायला जागा नाही आणि याला सोडून द्यायला कारण नाही. एवढंच आहे.”

चाचा अनुभवातून जे बोलले तेच एका शास्त्रज्ञाने फार पूर्वी लिहून ठेवले आहे, हे सूनबाईंनी रात्री सांगितले. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेले ऑस्ट्रियाचे कॉनराड लोरेन्झ यांनी एकदा दोन वेगळ्या जातींचे पारवे एका पिंजऱ्यात ठेवले. शांतीचे प्रतीक मानलेले हे पक्षी एकमेकांना काय इजा करणार, असे समजून ते व्हिएन्नाला गेले. परतल्यावर त्यांनी पाहिले, तर एक पारवा पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. त्याचे डोके, मान आणि पाठ सोलली गेली होती, आणि दुसरा अजूनही टोचतच होता. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्यांचे म्हणणे असे की, मोकळ्या रानात हरलेला पारवा सरळ उडून जातो, म्हणून जिंकणाऱ्याला थांबण्याची सवय लागण्याची गरजच पडत नाही. पिंजऱ्यात पळवाट नसते आणि थांबणेही नसते. हे ऐकून दादा एवढेच म्हणाले, “म्हणजे पळवाट आपण द्यायची.”

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. गच्चीवर जिन्यालगत एक खोली होती. तिच्यात रिकामे बारदान, जुने तराजू आणि वजने ठेवलेली होती. दादांनी ती रिकामी करवली. मुलगा म्हणाला, “पप्पा, माल कुठे ठेवायचा?” दादा म्हणाले, “भाड्याने जागा घेऊ.” ती खोली ढाबळीला जोडली गेली आणि मधे जाळीचे दार बसले. एका बाजूला मोठे पक्षी, दुसऱ्या बाजूला नुकती स्वतःहून खाऊ लागलेली पिल्ले.

खण वाढले आणि प्रत्येक जोडीच्या खणात मधे फळी घालून दोन घरटी झाली, म्हणजे मादी नव्या अंड्यांवर बसली तरी आधीच्या पिल्लांना त्याच घरात जागा राहते. खणाच्या तोंडाशी चार बोटे उंचीची पट्टी बसवली, त्यामुळे अजाण पिल्लू खाली पडत नाही. जमिनीलगत भिंतीला जुनी मंगलोरी कौले तिरकी टेकवून ठेवली. घाबरलेले पिल्लू त्या फटीत शिरले की त्याची मान आणि डोके झाकले जाते, आणि अरुंद जागेत मोठ्या नराला पंख उगारता येत नाही. पळवाट म्हणतात ती एवढीच, पाच-सहा कौलांची. बसण्याच्या दांड्या पक्ष्यांच्या संख्येपेक्षा जास्त केल्या, म्हणजे जागेसाठी कोणाला कोणाला हुसकावे लागत नाही. एका थाळीऐवजी चार कोपऱ्यांत चार थाळ्या आल्या. ज्वारी, बाजरी, मका, वाटाणा यांचे मिश्रण आणि बारीक खडीची वाटी वेगळी.

पिल्लाला वेगळे केव्हा करायचे, हा सर्वांत नाजूक प्रश्न होता. घाईने वेगळे केले तर ते उपाशी राहते. उशीर केला तर मार खाते. साधारण महिना उलटल्यावर ते स्वतः दाणे टिपू लागले, की चाचांच्या सांगण्याप्रमाणे आधी चोच हळूच पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवायचे आणि मगच पलीकडच्या खोलीत न्यायचे. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपून पाहायची. ती भरलेली लागली तर ठीक. रिकामी लागली तर पिल्लू परत आईबापांजवळ. हे काम नातीने आपल्याकडे घेतले. रोज सायंकाळी ती एका वहीत पिल्लाच्या पायातील रंगीत कडीनुसार ‘भरली’ किंवा ‘रिकामी’ असे लिहिते. दादा म्हणतात, पेढीच्या वह्यांतही इतकी चोख नोंद नसते.

सर्वांत अवघड निर्णय संख्येचा होता. कितीही खण केले तरी पक्षी वाढतच गेले असते आणि दोन वर्षांनी पुन्हा तीच गर्दी झाली असती. अनेक पाळणारे खरी अंडी काढून खोटी ठेवतात. दादांच्या मनाला ते पटेना. चाचांनी दुसरा मार्ग सांगितला: उबवणीला असलेली पिल्ले मोठी होऊ द्यायची आणि मग नर एका बाजूला, माद्या दुसऱ्या बाजूला. “ढाबळीत ब्रह्मचर्याश्रम काढा, शेठ,” असे म्हणून चाचा मनापासून हसले. जोड्या वेगळ्या करणे हाही एक प्रकारचा बंधच, हे दादा विसरले नाहीत. दोन दोषांपैकी जो कमी त्रासाचा तो जाणून-बुजून पत्करायचा आणि तो दोष आहे हे मान्य करायचे, एवढेच गृहस्थाच्या हाती असते, असे ते म्हणतात. पूर्ण निर्दोष वाट मुनींची.

नवी अंडी थांबली, तरी खोली रिकामी राहिली नाही. संक्रांतीच्या सुमारास मांज्याने कापलेली कबुतरे आणि इमारतींच्या सज्जांवरून पडलेली पिल्ले लोक आणून देऊ लागले. ही साधी निळी-करडी कबुतरे. बरी होऊन उडू लागली की त्यांना मोकळे सोडले जाते. आणताक्षणी मात्र त्यांना मोठ्यांत मिसळत नाहीत. आधी वेगळे खोके, मग जाळीपलीकडून ओळख. ढाबळ झाडणाऱ्याने तोंडाला मास्क लावायचा आणि विष्ठेवर आधी पाणी शिंपडायचे, हाही नियम झाला. कारण त्या कोरड्या धुळीने माणसाच्या फुप्फुसाला गंभीर आजार होऊ शकतो. पक्ष्याची दया करताना झाडणाऱ्या बाईच्या छातीचा विचार न करणे, ही दया अर्धीच.

ढाबळीने दादांना शहराकडेही वेगळ्या नजरेने पाहायला शिकवले. २०२५ साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा बाजारात दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जात होते. दादा फारसे बोलले नाहीत. सूनबाईंनी त्यांना स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराची हकीकत सांगितली होती. तेथे १९८८ ते १९९२ या काळात नागरिकांना समजावण्यात आले की, अति खाऊ घातल्याने गर्दी वाढते आणि गर्दीचे हाल पक्ष्यांनाच, त्यातही पिल्लांनाच, भोगावे लागतात. जागोजागी देखरेखीखालचे कबुतरखाने उभारले गेले. त्या चार वर्षांत कबुतरांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. दादांना त्यात आपली आठ बाय सहाची ढाबळच दिसली. गोणी उपडी करून निघून येणे सोपे असते. खाणाऱ्यांत सर्वांत दुबळा कोण आणि त्याच्यापर्यंत दाणा पोचतो का, हे पाहायला थांबावे लागते.

मेघरथ राजाची कथा त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शांतिनाथ भगवंतांच्या पूर्वभवातील हा राजा शरण आलेल्या कबुतराच्या बदल्यात ससाण्याला स्वतःच्या अंगाचे मांस तोलून देतो. लहानपणी दादांना त्यातला राजाचा पराक्रम आवडे. आता नातीला ती कथा सांगताना ते तराजूपाशी थांबतात. राजाने पारड्यात दुसऱ्याचे काही टाकले नाही, आपल्या वाट्यातलेच टाकले. आश्रय दिला की तराजू समोर येतोच. कधी त्यात एक खोली टाकावी लागते, कधी रोजचा एक तास, कधी आपण चुकलो ही कबुली.

आज ढाबळीत भांडणे होत नाहीत असे नाही. नर घुमतात, दांड्यांवरून ढकलाढकली होते, एखादे पीस उडते. परंतु गेल्या दोन पावसाळ्यांत एकाही पिल्लाची कातडी फाटलेली नाही. त्या आषाढात वाचलेल्या दोन पिल्लांपैकी एकाच्या डोक्यावर पिसे नीट आली नाहीत. तेथे बोटाएवढा उघडा डाग राहिला आहे. नात त्याला ‘टकल्या’ म्हणते. तो आता पूर्ण वाढलेला, रुबाबदार नर आहे आणि आपल्या जागेवर कोणी आले की तोही मान फुगवून धावतो.

मागच्या संवत्सरीच्या संध्याकाळी दादा प्रतिक्रमणाला निघण्यापूर्वी गच्चीवर गेले. टकल्या एका नव्या, कोणीतरी आणून दिलेल्या पिल्लामागे लागला होता. पिल्लू धडपडत भिंतीशी गेले आणि कौलाच्या फटीत शिरले. टकल्याने दोन वेळा कौलावर चोच मारली, थोडे घुमला आणि परत आपल्या दांडीवर जाऊन बसला. दादांनी कौल जरा नीट टेकवले, कडी लावली, ती लागली का हे पुन्हा एकदा ओढून पाहिले आणि हात जोडून खाली उतरले.